सात नंबरचे घड्याळ

आमच्या उर्दू शाळेच्या संगणक कक्षात १२ संगणक. २०२३ पर्यंत त्यांची घड्याळेही बारा तऱ्हेची होती. आम्ही कधी मनावर घेतले नाही. तास संपल्याची घंटा शिपाईमामा देतात, संगणक थोडाच देतो!

त्या वर्षी आठवीच्या दोन मुलींचे निबंध शब्दन्‌शब्द सारखे निघाले. फायलींवरची वेळ पाहिली. एकीची १०.०५, दुसरीची १०.२०. झाला निकाल. दुसरीला वर्गासमोर उभे करून शून्य गुण दिले. "सर, मैंने नकल नहीं की," एवढेच ती म्हणाली. आमचा विश्वास बसला नाही. संगणक खोटे बोलत नाही, हे आम्हीच तर शिकवले होते.

असरच्या अजानीच्या सुमारास कक्ष बंद करताना सात नंबरच्या संगणकाकडे नजर गेली. तो २५ मिनिटे पुढे होता. ती मुलगी सातवरच बसली होती. म्हणजे तिची फाइल ९.५५ ची! पहिलीचा संगणक मात्र बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर माफी मागितली, गुण दिले. तिने नुसती मान हलवली. पहिलीला शिक्षा केली नाही. ज्या वेळेने एकदा फसवले, तिच्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने विसंबायचे?

मग एका जुन्या, अडगळीतल्या संगणकावर लिनक्स टाकून 'क्रोनी' हा प्रोग्राम बसवला. आमच्याकडे इंटरनेट येते-जाते. असेल तेव्हा तो बाहेरून वेळ घेतो. नसतानाही सांगत राहा, अशी एक ओळ त्यात लिहून ठेवली. बाकीचे सगळे त्यालाच विचारतात. प्रश्न जायला आणि उत्तर यायला लागलेला वेळही हिशेबात धरला जातो. ही रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घालून दिली. आम्हाला मात्र दमास्कसच्या उमय्या मशिदीतले मुवक्कित इब्न अल-शातिर आठवले. नमाजच्या वेळा ठरवणे हेच त्यांचे काम. १३७१ साली त्यांनी तिथल्या मिनारासाठी मोठे सूर्यघड्याळ केले होते.

फायरवॉलमध्ये १२३ नंबरचे दार उघडायचे असते, हे कळेपर्यंत एक अख्खा शनिवार गेला. त्यानंतर दहा संगणक जमातीसारखे एका रांगेत आले. दोन हट्टी निघाले. त्यांच्या आतल्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या मेल्या होत्या. दर सकाळी ते कित्येक वर्षे मागे जाऊन बसत. फरक १५ तासांहून जास्त असला, की असा सुटा विंडोज संगणक एरवी दुरुस्ती घेतच नाही. बॅटऱ्या बदलल्या, एकदा हाताने वेळ लावली, तेव्हा कुठे ते वळणावर आले.

ती मुलगी पुढे दहावीत गेली. तरी कक्षात आली, की आधी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायची, मगच लिहायला घ्यायची. आम्ही हजेरीपटात डोके घालून बसायचो.