सुई कुठं लावायची?

"डॉक्टर, एमआरआयमध्ये गाठ एवढी स्वच्छ दिसतेय, मग तुकडा कशाला काढायचा?" विचारणारा बहुतेकदा रुग्णाचा मुलगा असतो, नाहीतर जावई. प्रश्नाच्या पोटात दुसरीच भीती असते. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं गावाकडच्या मामांनी फोनवर बजावलेलं असतं. मामांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. हाडाच्या सार्कोमात सुई ज्या वाटेनं आत गेली, ती वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर कापून काढतात. वाट चुकीची निवडली तर ऑपरेशन विनाकारण मोठं होतं. वृषणाच्या गाठीला तर सहसा सुई लावतच नाहीत. बाकीच्या बहुतेक गाठींत मात्र हा धोका फार थोडा असतो. पण मुलाच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एमआरआयला नक्की काय दिसतं, तिथून सुरुवात करावी लागते.

एमआरआयला गाठ दिसत नाही. पेशी तर नाहीतच. त्याला ऐकू येतो तो हायड्रोजन, म्हणजे शरीरातलं पाणी आणि चरबी. 3 टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला जवळजवळ 12 कोटी 80 लाख गिरक्या घेतात. त्याच लयीची रेडिओलहर सोडली की ते विचलित होतात, ती थांबवली की पूर्ववत होऊ लागतात. पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, हीच आमची सगळी मिळकत. सिस्ट म्हणजे द्रवाची पिशवी; तिच्यातलं मोकळं पाणी निवांत असतं, त्याला काही सेकंद लागतात. प्रथिनांना चिकटलेलं पाणी झटपट आवरतं. पडद्यावरचा काळा-पांढरा-करडा रंग हा त्या पाण्याच्या शेजारपाजाराचा हिशोब असतो.

या विषयाची सुरुवातच कॅन्सरपासून झाली. 1971 मध्ये रेमंड डमाडियन या अमेरिकन डॉक्टरनं उंदरांच्या गाठींचे तुकडे परीक्षानळीत घालून दाखवलं की गाठीतल्या पाण्याला पूर्ववत व्हायला निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा चित्र काढायची सोयच नव्हती. ती वाट 1973 मध्ये पॉल लॉटरबरनं दाखवली. डमाडियननं हट्टानं माणूस मावेल असं यंत्र बांधलं, 'इंडॉमिटेबल' नावाचं. आधी स्वतःच आत बसला, पण सिग्नल मिळेना. आपल्या जाडीमुळं असेल असं ठरवून त्यानं एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं, आणि 3 जुलै 1977 रोजी जवळजवळ पाच तास खपून छातीचा एक आडवा छेद मिळवला. एमआरआयसाठीचं 2003 चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, तेव्हा डमाडियननं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्याच्या रागाबद्दल मला सहानुभूती आहे. त्याच्या मूळ आशेबद्दल मात्र नाही. एका आकड्यावरून कॅन्सर ओळखू येईल असं त्याला वाटत होतं. पण सूज, जंतुसंसर्ग, साधा मार, सगळ्यांतच पाणी वाढतं आणि सगळ्यांतच तो वेळ लांबतो.

आकडा एक नको, अनेक हवेत, आणि एकमेकांना उलटतपासणारे हवेत. माझं रोजचं काम म्हणजे ही उलटतपासणी.

त्यातला सर्वात कामाचा साक्षीदार म्हणजे डिफ्युजन, पाण्याच्या रेणूंची भटकंती. मोकळ्या जागी रेणू वाटेल तिकडे जातो. पेशी दाटीवाटीनं भरलेल्या गाठीत त्याची अवस्था संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर सापडलेल्या माणसासारखी होते: हालचाल आहे, पण पुढं सरकणं नाही. असं अडकलेलं पाणी डिफ्युजनच्या चित्रावर उजळ दिसतं, मोकळं पाणी काळं. मेंदूतला लिम्फोमा याच कारणानं डिफ्युजनवर लखलखतो. एपिडर्मॉइड आणि अरॅक्नॉइड सिस्टचं उदाहरण तर मी शिकाऊ डॉक्टरांना हमखास दाखवतो. नेहमीच्या टी-2 चित्रावर दोन्ही पाण्यासारखे पांढरेशुभ्र, जुळे भाऊच. डिफ्युजन लावा. अरॅक्नॉइड सिस्ट काळी पडते, कारण आत खरोखरच पाणी आहे. एपिडर्मॉइड पांढराच राहतो, कारण आत त्वचेच्या मृत पेशींचे थरावर थर साचलेले असतात आणि पाणी त्यांच्या फटींत अडकलेलं असतं. आता लगेच खुश होऊ नका. गळवातला घट्ट पूसुद्धा असाच लखलखतो. साक्षीदार खरं बोलतोय, पण 'दाटी आहे' एवढंच. दाटी कशाची, हे त्याला ठाऊक नाही.

चरबीची साक्ष त्या मानानं सरळ असते. चरबीतला आणि पाण्यातला हायड्रोजन किंचित वेगळ्या लयीत फिरतो, 1.5 टेस्लाच्या चुंबकात फरक सेकंदाला सुमारे 220 गिरक्यांचा. म्हणून ठरावीक क्षणी दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णात अधिवृक्क ग्रंथीवर छोटी गाठ दिसली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो: कॅन्सर तिथं पोचला की काय? ती गाठ त्या क्षणी काळी पडली, तर तिच्या पेशींतच चरबी आहे, म्हणजे बहुधा निरुपद्रवी ॲडिनोमा. (मूत्रपिंडाच्या कॅन्सरची पिल्लं क्वचित हेच सोंग घेतात, त्यामुळं जुना इतिहास विचारल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.) इथं एमआरआय सुई खरोखर वाचवतं.

आपल्याकडे मेंदूतल्या गाठीचं कोडं टीबीमुळं आणखी अवघड होतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेनं अंगठीसारखी उजळणारी गाठ अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकात आधी ट्यूमर असते; माझ्या टेबलावर ती ट्युबरक्युलोमा असण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून धरावी लागते. टीबीच्या गाठीचा चिजासारखा गाभा टी-2 वर अनेकदा काळपट दिसतो. स्पेक्ट्रोस्कोपी केली, म्हणजे त्या जागेतल्या रसायनांचा आलेख काढला, तर 1.3 च्या खुणेवर चरबीचा उंच सुळका येतो. ट्यूमरमध्ये पेशींचं आवरण झपाट्यानं बनत-मोडत असल्यानं 3.2 वरचा कोलिनचा सुळका वाढतो आणि निरोगी चेतापेशींची खूण असलेला 2.0 वरचा एनएए खचतो. पण कुजलेल्या ट्यूमरमध्येही चरबीचा सुळका येतोच. मग रक्तप्रवाहाचा नकाशा मागवायचा, छातीचा फोटो बघायचा, घरात कुणाला टीबी होता का ते विचारायचं.

याच आलेखानं अलीकडे एक चमत्कार वाटावा असं काम केलं. काही ग्लायोमांत (मेंदूतल्या ट्यूमरचा एक प्रकार) आयडीएच नावाच्या जनुकात बदल असतो, हे 2008 मध्ये कळलं. त्या बदलामुळं पेशीत 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं रसायन साचतं, आणि 2012 पर्यंत ते कवटी न उघडता आलेखावर मोजून दाखवलं गेलं. जनुकातल्या बदलाची खूण चुंबकातून! प्रत्यक्षात तो सुळका ग्लुटामेटच्या गर्दीत अर्धा बुडालेला असतो, रुग्ण जरा हलला तरी हातचा जातो, आणि रोजच्या धबडग्यात तो नीट मिळवणारी केंद्रं थोडी आहेत.

म्हणून 'व्हर्च्युअल बायोप्सी' हा शब्द मला जाहिरातीतला वाटतो. चित्राचा लहानातला लहान ठोकळा साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि त्यात लाखो पेशी. त्यांची सरासरी मला मिळते. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसते. पण तिची अडचण उलटी असते. पाच सेंटिमीटरच्या गाठीतून तिच्या हाती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा धागा येतो. ग्लायोमा एकसारखा नसतो: एक कोपरा सुस्त, दुसरा आक्रमक, मधला भाग मेलेला. सुई मेलेल्या भागात गेली तर रिपोर्ट येतो, 'केवळ नेक्रोसिस'. सुस्त कोपऱ्यात गेली तर रिपोर्ट येतो कमी ग्रेडचा. तो जास्त धोक्याचा, कारण त्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

इथं एमआरआयची खरी कमाई आहे. ऑपरेशनच्या आधी न्यूरोसर्जन आणि मी एकाच पडद्यासमोर बसतो. कॉन्ट्रास्टनं काहीच न उजळणारी गाठ असेल तर रक्तप्रवाहाच्या नकाशावर सर्वात तापलेला, म्हणजे सर्वाधिक रक्ताचा ठिपका शोधतो, तिथं डिफ्युजन काय म्हणतं ते पडताळतो, आणि तो बिंदू नेव्हिगेशनच्या यंत्रावर चढवतो. इथंही एक मेख आहे: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमाच्या प्रकारात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं मुळातच दाट असतं, त्यामुळं तो कमी ग्रेडचा असूनही तापलेला दिसतो. तरीही डोळे झाकून मधोमध सुई घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नातेवाइकांना माझं सांगणं साधं असतं. एमआरआय सुईच्या आधी करा, नंतर नको; सुईनं झालेला रक्तस्राव चित्र गढूळ करतो. जुन्या तपासण्यांची सीडी आणा. फिल्मचा खिडकीत धरून काढलेला व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही.

आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की मी स्कॅन पुन्हा उघडतो. पॅथॉलॉजिस्टचा शब्द अंतिम, हे मान्यच. पण चित्र आक्रमक आणि तुकडा सुस्त, असा मेळ बसेना तर ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत पहिला प्रश्न मी सर्जनला विचारतो: तुकडा नेमका कुठून घेतला? बोट ठेवून जागा दाखवल्यावर कधी माझा संशय फिटतो, कधी दुसरी सुई ठरते.