लालबागहून अँकोट्सला

भारतातून पाहुणे आले की आपण मँचेस्टरकर त्यांना लेक डिस्ट्रिक्टला नेतो, चेस्टरला नेतो, फुटबॉलचं स्टेडियम दाखवतो. अँकोट्सला मात्र सहसा कुणी नेत नाही. पिकाडिली स्टेशनपासून चालत जाता येईल अशी ही जुनी गिरणवस्ती. मुंबईशी तिचं नातं या सगळ्यांपेक्षा जवळचं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आले, तेव्हा त्यांना मी मुद्दाम तिथे नेलं. अण्णा लालबागचे. 1982 च्या संपापर्यंत ते एका गिरणीच्या विणाई खात्यात होते.

रॉचडेल कालव्याच्या काठाने रेडहिल स्ट्रीटवर आलं, की लाल विटांच्या उंच गिरण्या एका ओळीत दिसतात. मरे बंधूंची जुनी गिरणी 1798 ची. वाफेवर चालणाऱ्या ज्या सूतगिरण्या आज उभ्या आहेत, त्यांतल्या सर्वांत जुन्यांमध्ये तिची गणना होते. त्याआधी गिरणीला वाहतं पाणी लागे, म्हणून ती नदीकाठी जाई. वाफेमुळे ती शहरात आली आणि तिच्यामागे माणसं आली. शेजारची सेजविक मिल 1818 ते 1820 मधली. हवेत उडणाऱ्या कापसाच्या तंतूंना ठिणगी पुरते, म्हणून तिच्यात लाकडाऐवजी ओतीव लोखंडाचे खांब आणि विटांच्या कमानी आहेत.

अण्णा खिडक्यांकडे बघत होते. "एवढ्या खिडक्या शोभेला नाहीत गं. तुटलेला धागा दिसायला उजेड लागतो," ते म्हणाले.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली. पुढे गिरणगाव उभं राहिलं, ते बऱ्याच अंशी लँकेशरहून आलेल्या यंत्रांवर. नंतर दोन्हीकडचे भोंगे थांबले. पण त्यानंतरच्या वाटा वेगळ्या झाल्या.

अँकोट्सच्या गिरण्या ओस पडल्या, छपरं गळू लागली. 1989 मध्ये हा भाग संरक्षित ठरला, पुढे इमारती वाचवण्यासाठी एक न्यास स्थापन झाला. सार्वजनिक पैशांतून भिंती, छपरं दुरुस्त झाली आणि आत फ्लॅट झाले. जवळच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आता हॅले ऑर्केस्ट्राच्या तालमी चालतात. मुंबईत 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. 2001 मध्ये हा हिशोब फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता केला गेला आणि लोकांचा वाटा आक्रसला. बऱ्याच गिरण्या जमीनदोस्त झाल्या. कुठे मॉलमागे एखादी चिमणी उरली.

मला वाटत होतं, अण्णा म्हणतील, "बघ, यांनी कसं जपलंय!" त्यांनी विचारलं, "इथे काम करणाऱ्यांची पोरं-नातवंडं आता कुठं राहतात?"

कालव्याकाठच्या त्या फ्लॅटची भाडी कामगाराच्या घराला झेपणारी नाहीत. गिरणी राहिली, तिची माणसं पांगली. लालबाग-परळमध्ये उलट घडलं. गिरण्या गेल्या, पण चाळींमधून माणसं अजून तग धरून आहेत.

मग त्यांना मी ओल्डहॅम रोडवरच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरला नेलं. शहराच्या कौन्सिलने बांधलेली ही पहिली घरं, 1894 ची. पाच मजले, मध्ये चौक, चौकाभोवती गॅलऱ्या. पूर्वी नळ-संडासही शेजाऱ्यांशी वाटून घ्यावे लागत. "अगं, ही तर चाळच!" अण्णा खूश झाले. आत सुधारणा झाल्या, तरी ती आजही कौन्सिलचीच घरं आहेत, ज्येष्ठांसाठी. भिंतींबरोबर त्यांचं कामही जपलं गेलं. अण्णा गॅलरीतल्या कुंड्यांकडे बराच वेळ बघत होते.

हे सगळं त्यांना इतकं का लागलं, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करार सहीसाठी आला आहे. 180 चौरस फुटांच्या खोलीऐवजी टॉवरमध्ये मोठा फ्लॅट. इथून आम्ही आणि दुबईहून दीर, सगळे एकच सांगत होतो: "सही करून टाका, संडास तरी घरात येईल." ते खरंच आहे. त्या जिन्यांवरून सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. चाळ जशीच्या तशी राहावी असं फक्त तिथे न राहणाऱ्यालाच वाटू शकतं.

परत गेल्यावर अण्णा चाळीच्या सभेत उभे राहिले. बाकीचे चौरस फूट आणि पार्किंग विचारत होते. अण्णांनी विचारलं, "लिफ्ट, पंप, दिवे, वॉचमन यांचा दरमहा खर्च किती? कॉर्पस फंड किती वर्षं पुरेल? आणि तो संपला की पेन्शनवाल्याने काय करायचं?" सभा गप्प झाली, असं दीर फोनवर सांगत होते.

आपल्यापैकी अनेकांची नावं आज अशा खोल्यांच्या कागदांवर आहेत, आणि घाई बहुधा आपल्यालाच असते. फ्लॅटचा नकाशा व्हॉट्सॲपवर आला की हॉल केवढा ते आपण आधी बघतो. त्या हॉलमध्ये पंधरा वर्षांनी आपलीच माणसं बसलेली असतील का, हेही विचारायला हवं. बिल्डरचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. तोवर आम्ही अण्णांना सहीची आठवण करत नाही.