हिंजवडीच्या वेशीवर

मुळशी म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें धरण, पावसाळी धबधबे आणि ताम्हिणी घाटाची हिरवी वाट उभी राहते. इतिहासाची आवड असलेल्यांस सेनापति बापटांच्या सत्याग्रहाची आठवण होते. परंतु ज्या घरांत नुकता पदवीधर झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत मुळशी तालुक्यांतील एकाच गांवाचें नांव उठतां-बसतां निघत असतें. तें म्हणजे हिंजवडी. आमच्या घरींहि दोन वर्षें हाच जप चालला होता. थोरल्या बंधूंचा मुलगा गणित घेऊन बी.एस्‌सी. झाला, सहा महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग त्यानें पुरा केला, आणि मग अर्ज पाठविण्याचें जें काम सुरू झालें तें कांहीं संपेना. अखेर 2024 च्या आषाढांत हिंजवडींतील एका कंपनीकडून त्यास मुलाखतीचें बोलावणें आलें. "काका, तुम्ही येतां का बरोबर?" असें त्यानें विचारतांच आम्हीं होकार दिला. त्यास सोबत होईल आणि परततांना मुळशीचें पाणीहि पाहतां येईल, असा आमचा दुहेरी हेतु होता.

शिवाजीनगराहून हिंजवडी फार तर वीस किलोमीटर; पण वाकड मागें पडल्यावर बस मुंगीच्या पावलांनीं चालूं लागली. 2018 सालीं पायाभरणी झालेल्या मेट्रोचे खांब एकामागून एक सावकाश मागें पडत होते. बसमधील बहुतेक तरुणांच्या गळ्यांत कंपनीचें ओळखपत्र होतें. ज्यांच्या गळ्यांत तें नव्हतें, त्यांच्या मांडीवर कागदपत्रांची फाइल होती. आमचा पुतण्या फाइलवाल्यांपैकीं होता.

हिंजवडी हें मूळचें म्हातोबाचें गांव. चैत्रांतील यात्रेस येथें आजहि बगाड निघतें. गांवच्या व शेजारच्या माणच्या शेतजमिनींवर औद्योगिक विकास महामंडळानें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविलें, आणि इन्फोसिस, विप्रो, टी.सी.एस. यांच्या कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुण्यास ही विद्या कांहीं नवी नाहीं. इन्फोसिसची स्थापना 1981 सालीं पुण्यांतच झाली. दोन वर्षांनीं ती बंगळूरास गेली. 1988 सालीं येथें सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि 1991 सालीं तिनें 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. अशा ठिकाणीं आपल्या मुलास सहज जागा मिळेल असें घरांतील वडील माणसांस वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटत होतें.

पुतण्या आंत गेल्यावर आम्ही फाटकासमोरील चहाच्या टपरीवर बसलों. तेथें पांच-सहा उमेदवार होते. कोणी लातूरचा, कोणी जळगांवचा. त्यांच्या बोलण्यांतून जें कळलें तें कोणत्याहि वर्गाच्या जाहिरातींत छापलेलें नसतें. शेंकडों अर्ज करावे तेव्हां एखादें उत्तर येतें. नवशिक्याची म्हणून जाहीर झालेल्या जागेसहि दोन वर्षांचा अनुभव मागतात. 2021-22 सालीं कंपन्यांनीं नव्या मुलांची मोठी भरती केली आणि पुढें हात आखडता घेतला. म्हणून नेमणुकीचें पत्र हातीं पडूनहि कित्येकांस रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने कळली नाहीं. मोठ्या कंपनींत प्रवेश मिळाला तरी आरंभीं वर्षास 3 ते 4 लाखांच्या आसपास वेतन, आणि पुण्याचें घरभाडें त्यांतूनच द्यावयाचें. एका मुलाकडून तर 'अनामत' म्हणून पंचवीस हजार रुपये घेऊन नोकरी देणारा गृहस्थच नाहींसा झाला होता. ती रक्कम आईची पाटली मोडून आणलेली होती, हें त्यानें चहाच्या पेल्याकडे पाहत सांगितलें.

तासाभरानें पुतण्या बाहेर आला. चेहरा पडलेला होता, पण अगदींच उतरलेला नव्हता. परीक्षा घेणाऱ्या एक प्रौढ बाई होत्या. त्याच्या अर्जांत सहा संगणकभाषांचीं नांवें होतीं. त्यांपैकीं तिसरीवर त्यांनीं प्रश्न विचारला आणि हा अडखळला. नंतर दुसऱ्या कोणीं लिहिलेला पानभर कोड पुढें ठेवून त्यांतील चूक शोधावयास सांगितली. तीहि वेळेंत सांपडली नाहीं. शेवटीं त्यांनीं विचारलें, "स्वतः होऊन कांहीं केलें आहे का?" तेव्हां त्यानें भीतभीतच आमच्या घरच्या श्राद्धतिथींच्या यादीचा उल्लेख केला.

ही हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. आमच्या घरीं पितरांच्या तिथि एका जुन्या वहींत लिहिलेल्या असतात. वर्षारंभीं पंचांग पाहून त्यांच्या तारखा काढण्याचें काम आमच्या मातोश्री करीत. 2023 सालीं पुतण्यानें पंचांगांतील तिथि संगणकांत भरून त्या तारखा आपोआप काढणारा प्रोग्रॅम लिहिला. सर्वांनीं वाहवा केली. मातोश्रींनीं मात्र चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाल्या, "अरे, ह्यांची तिथि श्रावण वद्य पंचमी. यंदां श्रावण अधिक आहे. श्राद्ध निज श्रावणांत करायचें. तुझ्या यंत्रानें महिनाभर आधींच उरकून टाकलें!" त्याच्या प्रोग्रॅमला अधिक मास ठाऊकच नव्हता. ती चूक काढावयास त्यास चार दिवस लागले. पुढें एकच तिथि दोन दिवस आली म्हणजे काय करावें, हा प्रश्न निघाला. त्यास आणखी आठवडा गेला.

बाईंनीं ही हकीकत मन लावून ऐकली व म्हणाल्या, "आज मी तुम्हांला घेऊं शकत नाहीं. पण सहा भाषांचीं नांवें खोडा, एकच नीट शिका, आणि ही यादी अर्जांत सर्वांत वर लिहा. तुमची खरी परीक्षा तुमच्या आजींनीं घेतली आहे. असें आणखी एक-दोन करा, आणि रोज दुसऱ्याचा कोड वाचा." नापसंत उमेदवारास इतकें सांगण्यासाठीं वेळ देणारीं माणसें थोडीं, आम्हीं मनांतल्या मनांत त्यांस नमस्कार केला.

दुपारीं भाड्याची मोटार करून माण, घोटावडें या वाटेनें आम्ही पौडास आलों. हें तालुक्याचें ठिकाण. तेथून पुढें भातखाचरें लागलीं, लावणी चालू होती, आणि थोड्याच वेळांत धरणाचें विस्तीर्ण पाणी दिसूं लागलें. टाटांच्या या धरणाविरुद्ध 1921 च्या रामनवमीस मावळच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. धरण थांबलें नाहीं. गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि 1927 पासून येथील पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें उतरून मुंबईकरितां वीज निर्माण करूं लागलें.

त्या कांठीं पुतण्यानें विचारलें, "काका, ज्यांच्या जमिनी हिंजवडींत गेल्या, त्यांच्या मुलांना त्या इमारतींत कामें मिळालीं असतील का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. उद्योग आपल्या गांवीं आला म्हणून त्याचें दार आपणांस उघडतेंच असें नाहीं, हें मात्र सकाळींच पाहिलें होतें. शिवाय 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी निघाल्यापासून साधासुधा कोड यंत्रच लिहून देऊं लागलें आहे. जें हलकें काम करतां करतां नवशिका शिकत असे, तेंच आतां कमी होत आहे. आणि आंत गेलेल्यांसहि शाश्वती नाहीं; 2025 च्या जुलैंत टी.सी.एस.सारख्या कंपनीनें सुमारें 12,000 माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. यंत्रानें लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पारखणें मात्र माणसाकडेच राहिलें आहे, आणि तें अधिक मासासारख्या ठेचा खाऊनच येतें.

पुढें सात महिन्यांनीं पुतण्यास पुण्यांतीलच एका लहान कंपनींत काम मिळालें. तेंहि प्रोग्रॅम लिहिण्याचें नव्हे, तर इतरांच्या प्रोग्रॅममधील चुका शोधण्याचें. आणि वेतन आमच्या अपेक्षेच्या निम्मेंच होतें. आतां हळूहळू त्यास लिहिण्याचेंहि काम देतात. मधल्या काळांत त्यानें धीर सोडला नाहीं, यांत त्याच्या आजीचा वांटा मोठा. "नोकरीचें काय झालें?" असें तिनें एकदांहि विचारलें नाहीं, "नवीन काय केलंस, दाखव," एवढेंच ती म्हणे.

ज्या घरांत असा उमेदवार असेल त्या घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति आहे. वर्गाची फी भरण्यापूर्वीं, तेथून शिकून गेलेल्या दोघां-चौघांस प्रत्यक्ष भेटा. सी-डॅकसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम प्रवेशपरीक्षा घेऊन चालतात, त्यांचीहि चौकशी करा. नोकरीसाठीं पैसे मागणाऱ्यास दारांत उभें करूं नका. एक-दोन वर्षें लागतील असें धरून घरखर्चाची आंखणी करा, आणि शेजारच्या मुलाचें वेतन जेवतांना काढूं नका. मुलानें कांहीं तयार केलें असेल तर तें स्वतः वापरून पाहा आणि चूक दिसली तर स्पष्ट सांगा. आमच्या घरीं यंदांची श्राद्धतिथींची यादी संगणकानेंच काढली; मातोश्रींनीं ती पंचांगाशीं ताडून पाहिली, आणि या वेळीं खालीं सही केली.