पोच घेतलीस का?

आमच्या माधवनगरच्या घरातली पहिली डॉक्टर म्हणजे माझ्या थोरल्या भावाची लेक. तिचे आजोबा गिरणीत कामाला होते, भाऊ यंत्रमागावर, आणि मी बी.कॉम. होऊन कचेरीत कारकून. पोरीला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा पेढ्यांचे पैसे गल्लीने वर्गणी काढून दिले, हे मुद्दाम सांगते.

मिरजेत ती नुसती पुस्तकात डोके घालून बसली नाही. भीमजयंतीच्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन वस्तीत रक्तदाब तपासायची. जत, आटपाडीकडून आलेला पेशंट केसपेपरच्या खिडकीपाशी गोंधळून उभा दिसला की त्याला वॉर्डापर्यंत पोचवायची. शिष्यवृत्ती रखडलेल्या मुलामुलींचे अर्ज तर तिनेच लिहावेत. ती विद्या मात्र माझी. तारीख घाल, विषय एका ओळीत लिही, अर्ज आवक-जावकला दे आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पोच घेतलीस का?"

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच मिरजेच्या महाविद्यालयात शिकले. एम.बी.बी.एस. होऊन त्यांनी साताऱ्यात बारा वर्षे डॉक्टरकी केली. बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत ते उतरले, म्हणजे आपल्या आयाबायांना जिथे घागर बुडवायची बंदी होती त्या पाण्यासाठी. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. डॉक्टरकी आणि चळवळ एका माणसात नांदू शकते, हे भाचीला सांगताना मी त्यांचेच नाव घ्यायची. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. साताऱ्यात त्यांच्या डोक्यावर वरिष्ठ डॉक्टर बसलेला नव्हता. निवासी डॉक्टरची तीन वर्षे मात्र दुसऱ्याच्या सहीवर जातात. ड्युटी वरिष्ठ लावणार, शस्त्रक्रियेत हात घालू देणार की नुसते उभे करणार तेही तेच ठरवणार.

भाची एम.डी.ला एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात लागली. रुग्णालयाचे नाव देत नाही, तिला तिथे अजून दिवस काढायचे आहेत. पहिल्याच आठवड्यात चारचौघांत विचारणा झाली, "तुझा रँक किती?" या प्रश्नाचा खरा अर्थ आपल्या मुलांना फोडून सांगावा लागत नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावे असे लिहिले आहे. भाचीचा कित्येकदा छत्तिसावा तास चालू असायचा.

एका रात्री दोन वाजता तिचा फोन आला. कळा देणारी एक बाई ओरडत होती, म्हणून वरिष्ठांनी तिला तिची वस्ती आणि पोरांची संख्या काढून नको ते ऐकवले. भाची मध्ये बोलली. आता तिला लेखी तक्रार द्यायची होती.

मी काय म्हणाले? "गप्प राहा. आधी एम.डी. हो, मग चळवळ कर."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "आत्या, आग्र्याचं भाषण विहारात तूच सांगतेस ना?"

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जे दुःख बोलून दाखवले ते मी दरवर्षी सांगते, आणि घरातली लेक शिकली तर तिला तोंड मिटायला लावते. मला रात्रभर डोळा लागला नाही. भीती मात्र खोटी नव्हती. मुंबईच्या नायर रुग्णालयातली डॉ. पायल तडवी डोळ्यापुढून हलत नव्हती. तीही स्त्रीरोग विभागातलीच, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. तिच्या आईने, आबेदाताईंनी, पुढे रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एक आई हे सगळे करते, आणि मी भाचीला गप्प राहा म्हणते.

सकाळी मीच फोन केला. म्हटले, तक्रार दे, पण एकटी देऊ नकोस. रोजच्या रोज तारीख-वेळ घालून वहीत लिही. दुसऱ्या विभागातल्या आपल्या मुलामुलींना गाठ. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा कक्ष कुठे आहे ते शोध. आणि रोज रात्री घरी फोन कर, झोपायच्या आधी.

अर्जावर पाच सह्या पडल्या, त्यातल्या दोन आपल्या समाजाबाहेरच्या. तीन आठवडे उत्तर नाही. मग ड्युटीचा तक्ता कागदावर लागू लागला. रँक विचारणारे आता निदान तोंडावर विचारत नाहीत. त्या बाळंतिणीची माफी कुणी मागितली नाही. ती घरी निघाली तेव्हा भाचीने तिला टाके, गोळ्या, पुढची तारीख सगळे मराठीत लिहून दिले. आता ती प्रत्येकीला लिहून देते. ड्युटी संपली की पाच मिनिटे नातेवाइकांपाशी थांबते. पिवळे-केशरी रेशनकार्ड असताना सोने गहाण टाकायला निघालेल्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे घेऊन जाते. मिरजेइतके काम होत नाही याची तिला खंत आहे. छत्तीस तासांनंतरची पाच मिनिटे मला पुष्कळ वाटतात.

एम.डी. झाल्यावर सरकारचे एक वर्षाचे बंधपत्र असते. ते जतकडे मिळावे म्हणून अर्ज करणार म्हणते. वहिनींना सांगलीत पाटी हवी आहे, तो वाद घरात चालू आहे.

गेल्या महिन्यात दोन दिवस घरी आली आणि पहिला दिवस नुसती झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बाया रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन ओट्यावर जमल्या. ती एकेकीचे कागद बघत होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती एका आजींना सांगत होती, "अर्ज दिलात ते बरं केलंत. पण आजी, पोच घेतलीत का?"