पाण्याचा हिशेब

संगणकावर पाइपमधले प्रवाह मी पुष्कळ सोडवले होते. तिथे पाण्याची हद्द आधीच ठरलेली असते. धरणफुटीचा प्रश्न हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा हद्दच हलायला लागली. टाकीच्या कोपऱ्यात पाण्याचा उभा ठोकळा असतो. त्याला अडवणारी पडदी काढली, की पाणी तळावरून कसं धावतं ते काढायचं. पाण्याचा पृष्ठभाग आत्ता कुठे आहे, हेच इथे मुख्य उत्तर.

ज्या लहान घरांच्या, म्हणजे सेलांच्या जाळीवर हा हिशेब चालतो, ती मेश मात्र जागची हलत नाही. १९६५ मध्ये हार्लो आणि वेल्च यांनी पाण्याबरोबर वाहणारे खुणेचे कण सोडून पृष्ठभागाचा माग काढला. १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी सुटसुटीत वाट दाखवली: प्रत्येक सेलमागे एकच आकडा. सेल पाण्याने भरलेला असेल तर १, नुसती हवा असेल तर ०, मधला आकडा आला की पृष्ठभाग त्याच सेलमधून जातो. ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ म्हणतात ती हीच पद्धत, आणि मला ती फार देखणी वाटते. लाट फुटो, उडालेलं पाणी परत खालच्या पाण्यात मिसळो, तिला वेगळं काही सांगावं लागत नाही.

सगळा जीव त्या मधल्या आकड्यांत असतो. ओपनफोम या सॉफ्टवेअरवर रन चालू असताना मी सेलांची एक उभी ओळ उघडून बघत असे. खाली १, मग ०.९७, ०.६१, ०.०८, वर ० असं दिसलं की जिवात जीव यायचा. हेच आकडे सात-आठ सेलांवर पसरले, की पृष्ठभागाचं धुकं झालं म्हणून समजावं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड. त्यामुळे या अरुंद पट्ट्यात जराशी चूक झाली, तरी शेजारच्या हवेचा वेग भलताच वाढतो, कूरांट नंबर, म्हणजे एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो आकडा, आवरायला टाइम स्टेप लहान करावी लागते आणि रन रेंगाळतो. मेश बारीक करणंही स्वस्त नाही. त्रिमितीत सेलची बाजू निम्मी केली तर सेल ८ पट होतात, टाइम स्टेपही निम्मी होते, म्हणजे काम १६ पट.

पडताळ्याला मार्टिन आणि मॉयस यांचे १९५२ चे प्रयोग होते. कोसळत्या पाण्याची आघाडी कुठल्या क्षणी कुठे पोहोचली, हे त्यांनी मोजून ठेवलं आहे. माझा आलेख त्यांच्या बिंदूंवर ठेवला, तर सुरुवातीला माझं पाणी किंचित पुढे धावत होतं. खरी पडदी मोकळी व्हायला थोडा तरी वेळ घेते, संगणकातली एका क्षणात नाहीशी होते. हा फरक मला तरी तिथलाच वाटतो. पुढे दोन्हींचा चढ जुळला. तो आलेख मी प्रिंट काढून टेबलासमोर लावला.

या कामात नव्याने आलेल्यांना माझं सांगणं आहे: लाटेची रंगीत चित्रफीत दाखवण्याआधी बंद टाकीत सुरुवातीला किती पाणी होतं आणि शेवटी किती उरलं, ते मोजून दाखवा. मग मेश आणखी बारीक करून पाण्याची आघाडी तिथेच येते का, ते तपासा. तोवर त्या चित्रफितीवरून धरणाच्या भिंतीची उंची ठरवू नका.