अकरा फ्रेम

“मॅडम, तुम्ही हसू यायच्या आधीच हसू लिहिता.”

माझी विद्यार्थिनी हे इतक्या हळू म्हणाली की मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. आम्ही दोघींनी एकाच चित्रफितीचं कोडिंग वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलं होतं. चार महिन्यांची मुलगी, समोर आई. दोन मिनिटं खेळ, मग दोन मिनिटं आईचा निश्चल चेहरा, मग पुन्हा खेळ. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये मांडलेला हा प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांनी केलेला असतो. कोडिंगमध्ये चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला आम्ही आकडा देतो; ओठांचे कोपरे वर ओढले जाणं म्हणजे बारा. बारा आहे की नाही, यावर आमचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते बारा सुरू कधी झाला यावर. सहा हसण्यांपैकी पाचांत माझी सुरुवात तिच्या आधीची होती, आणि एका ठिकाणी चक्क ११ फ्रेम आधीची. आमच्या फिती सेकंदाला २५ फ्रेमच्या. म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

मी तिला म्हणाले, “तुझी नजर अजून बसायची आहे.” आणि घरी आले.

सुरुवात शोधायची रीत आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. हालचाल शिगेला पोचते ती फ्रेम धरायची, तिथून एकेक फ्रेम मागे यायचं, आणि हालचालीचा मागमूस जिथे संपतो त्याच्या पुढच्या फ्रेमवर बोट ठेवायचं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर हे जमतं, कारण तिथे सुरकुत्या साक्ष देतात. बाळाचा गाल म्हणजे चरबीची गादी. ओठाचा कोपरा तिरका वर ओढला जाण्याआधी ती गादी थरथरते. ही थरथर बाराची, की डोळ्याखालचा गाल उचलणाऱ्या सहाची, की आत जीभ फिरली म्हणून? बाळ नुकतंच दूध प्यालेलं असेल तर ओठ ओले असतात. दिव्याची तिरीप त्यांवरून सरकली की कोपराच सरकल्यासारखा वाटतो. शिवाय काही बाळांचे ओठ शांत असतानाही वर वळलेले, तर काहींचे खाली झुकलेले असतात. म्हणून आधी त्या बाळाचा शांत चेहरा शोधून शेजारी लावून ठेवावा लागतो, आणि चार महिन्यांचं जागं बाळ शांत चेहऱ्याच्या दोन फ्रेम सलग देईल तर शपथ.

त्या मुलीचं ते एक हसू मी आता डोळे मिटूनही पाहू शकते. आईने चेहरा निश्चल केल्याला पाच-सहा सेकंद झाले होते. मुलगी आईच्या कपाळापाशी, केसांच्या कडेला बघत होती. तिथून नजर डोळ्यांवर उतरली. भुवया जवळ आल्या, मध्ये एक बारीक आठी. श्वास थांबला, कारण झबल्याची गाठ हलेनाशी झाली. मग आठी सैल पडली, खालचा ओठ किंचित ओला चमकला, उजवा गाल भरला, आणि हसू आलं, पूर्ण, तोंड उघडून. आईने प्रतिसाद दिला नाही. द्यायचाच नव्हता. मुलीने पुन्हा एकदा हसून पाहिलं, मग मान वळवली.

मी लिहिलं होतं ३१४२. तिने लिहिलं होतं ३१५३. ३१४२ला आठी होती.

पहिला संशय मी डोळ्यांवर घेतला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, पडद्यावरचा पांढरा रंग पिवळट दिसायला लागला होता. पावसाळ्यात शस्त्रक्रिया करून घेतली. पट्टी काढल्यावर पांढरा रंग पुन्हा पांढरा दिसला, तेव्हा मला रडू आलं. महिन्याने त्याच फितीवर, जुन्या नोंदी न बघता बसले. पाच हसण्यांत मी पुन्हा आधीच होते. डोळा नवा आला होता आणि फरक जागच्या जागी होता.

हे मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. सुरुवात ओळखण्यात माझा हात कोणी धरत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी हे काम शिकले. तिकडच्या फिती सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेमच्या, इकडे आल्यावर २५च्या. हा बदल अंगवळणी पडायला इतरांना महिने लागले, मला आठवडा पुरला. दोन कोडर भांडले की फीत माझ्याकडे येई आणि मी सांगेन ती सुरुवात. एका मिनिटाच्या चित्रीकरणाला एखादा तास सहज लागतो अशा या कामात मी वेगवानही होते. पाहुण्यांसमोर मी फीत थांबवून म्हणायची, “आता हसेल बघा,” आणि चालू केली की बाळ हसायचं. लोक थक्क व्हायचे. मला ते आवडायचं. वीस वर्षं आवडलं.

‘आता हसेल बघा.’ चूक याच वाक्यात होती, आणि तिलाच मी कसब समजत होते.

विद्यार्थिनीने मग एक गोष्ट केली. माझ्याशी वाद घातला नाही. जुन्या फितींमधून तिने तीस तुकडे कापले. प्रत्येक तुकडा आठी पडते तिथे सुरू होई आणि पुढचं काही घडायच्या आत संपे. काहींच्या पुढे मूळ फितीत हसू होतं, काहींच्या पुढे रडं, काहींच्या पुढे नुसतीच नजर वळवणं. आवाज बंद. क्रम उलटसुलट. मी निमूटपणे कोडिंग केलं. ज्या तुकड्यांपुढे हसू होतं त्यांत मी बाराची पुसटशी खूण, म्हणजे सगळ्यात खालची ‘ए’ पातळी, बऱ्याच ठिकाणी लिहिली. ज्यांच्यापुढे रडं होतं त्यांतही लिहिली. जवळपास तितक्याच ठिकाणी.

ती आठी हसण्याची नव्हती आणि रडण्याचीही नव्हती. हॅरिएट ऑस्टर यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय की आईच्या चेहऱ्याकडे एकटक बघताना बाळ भुवया आवळतं आणि मग भुवया सैल होऊन हसतं. ती आठी नाराजीची नाही, बाळ काहीतरी लावून बघत असतं. मी हे वाचलं होतं, शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं. आणि तरी फितीत पुढे काय होणार हे ठाऊक असल्यासारखी मी त्या आठीत हसू टाकत होते.

आमच्या क्षेत्रातला जुना तंटा याच जागेवरचा आहे. डेलावेअरच्या कॅरोल इझार्ड यांनी १९७९ मध्ये जी पद्धत दिली तिच्यात चेहऱ्याच्या अमुक ठेवणीला थेट भावनेचं नाव होतं: हा राग, ही भीती, हे दुःख. मी त्या पद्धतीवर आयुष्यभर नाक मुरडत आले. ऑस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की त्या पद्धतीने राग, भीती, दुःख म्हणून निवडलेले बाळांचे चेहरे मोठ्या माणसांना तसे वेगवेगळे वाटतच नाहीत, बाळ नुसतं त्रासलेलं वाटतं. लिंडा कॅमरास यांनी तर आपल्याच मुलीच्या चेहऱ्याची पहिल्या आठवड्यांपासून नोंद ठेवली आणि ठेवणी व प्रसंग यांचा मेळ बसत नाही हे मांडलं. पुढे अमेरिकन, जपानी आणि चिनी अशी अकरा महिन्यांची बाळं घेऊन, एकदा हात धरून ठेवून आणि एकदा गुरगुरणारा खेळण्यातला गोरिला दाखवून त्यांनी पाहिलं. चेहऱ्यांवरून राग आणि भीती वेगळी काढता आली नाहीत. शरीर मात्र वेगळं वागत होतं. मी वर्गात सांगायची, “आपण भावना मोजत नाही, स्नायू मोजतो.” इझार्ड निदान आपली नावं कागदावर छापून मोकळे झाले होते. मी बारा लिहून आत हसू ठेवत होते.

गावाकडच्या आजीचंही मला आता आठवतं. घरात पंधरा दिवसांचं बाळ झोपेत ओठ वर करायचं तेव्हा आजी म्हणायची, “सटवाई हसवतेय.” मी शहाणपणाने सांगितलं होतं की नवजात बाळाचं झोपेतलं हसू डोळे फडफडणाऱ्या झोपेत येतं, एम्डे आणि कोनिग यांनी १९६९ मध्ये हे नोंदवलंय. आजीने ऐकून घेतलं. आज वाटतं, आजीने ते हसू बाळाच्या खात्यावर जमा केलं नव्हतं, त्यावर देवीचं नाव घातलं होतं. बाळ खरंच आपल्याकडे बघून हसेल त्या दिवसाची ती वाट बघायला तयार होती. डार्विनने आपल्या थोरल्या मुलाबद्दल तेच केलं. ४५व्या दिवशी आईकडे बघून आलेलं हसू त्याने खरं धरलं आणि १८७७ मध्ये छापलं.

आयांशी मी कडक वागले आहे. बाळाच्या भुवया काजळाने कोरून आणत. मी पहिल्यांदा ओला कापूस पुढे करायची, कारण काजळ भुवईला खोटा आकार देतं. तीट मात्र कोणी पुसू दिली नाही, आणि गालाच्या कडेला असेल तर मीही सोडून द्यायची. बाळाच्या खऱ्या भुवया विरळ असतात. काजळाची रेघ कातडीबरोबर सरकते, त्यामुळे आठी उलट स्पष्ट दिसते. हे मला पाचसहा वर्षांतच कळलं होतं. तरी कापूस चालूच ठेवला, कारण नियम मी घातला होता.

आता यंत्रं आली आहेत. मोठ्यांच्या चेहऱ्यांवर शिकलेली सॉफ्टवेअर बाळांच्या गालांपुढे हतबल व्हायची, म्हणून मियामी आणि पिट्सबर्गच्या मंडळींनी बाळांच्याच चेहऱ्यांवर शिकवलेलं वेगळं सॉफ्टवेअर तयार केलंय. चांगलं काम आहे. पण यंत्राला शिकवायला नोंदी लागतात आणि त्या माझ्यासारख्यांनी केलेल्या असतात. मला यंत्रापेक्षा जास्त राग येतो तो फोनच्या चित्रीकरणाचा. साथीच्या काळात घराघरांतून फिती आल्या. फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतो, त्यामुळे सुरुवात मोजायला पायाच उरत नाही. काही फोन कातडी गुळगुळीत करतात. नाकापासून ओठांकडे जाणारी घडी, जिच्यावरून आम्ही वेदना ओळखतो, ती फोन पुसून टाकतो.

वेदनेचं नाव काढलं म्हणून सांगते. लसीकरणाच्या वेळी सहा आठवड्यांच्या बाळांचे चेहरे मी बरेच मोजलेत. रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग यांची १९८७ची पद्धत: फुगलेली भुवई, घट्ट मिटलेले डोळे, खोल गेलेली ती घडी, ताणलेलं तोंड. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांनी नवजात बाळांना वेदना होते याचे पुरावे मांडले. त्याआधी कित्येक बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत होत्या. मोजणाऱ्यांनी कान बंद ठेवून, नुसत्या भुवईवर नजर ठेवली म्हणून काही बाळांचं दुखणं कमी झालं असेल. या कामावर माझं प्रेम आहे ते तिथून आलेलं आहे. म्हणूनच माझी चूक मला लहान वाटत नाही.

आणि ती लहान नाहीच. आमच्या एका अभ्यासाचा प्रश्न होता: आधी कोण हसतं, आई की बाळ? आईच्या चेहऱ्याचं कोडिंग दुसऱ्या कोणी केलं होतं, बाळांचं मी. बाळं पुष्कळदा पुढाकार घेतात असं आम्ही लिहिलं. ते वाक्य मला फार आवडायचं, व्याख्यानांचा शेवट मी त्यावर करायची. बाळाची सुरुवात ११ फ्रेम अलीकडे ओढली तर आईने हसवलेलं बाळ आईला हसवणारं ठरतं. किती ठिकाणी तसं झालं असेल हे पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. सहलेखकांना मी पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात मोतीबिंदूचा उल्लेख होता. तो काढला.

आता जुन्या फिती विद्यार्थिनी मोजते आहे. माझ्या नोंदींची फाइल तिच्या संगणकावर नाही, हे मीच पाहिलं. काल पहिली फीत लावली. मी मागे बसले होते, माउस तिच्या हातात. सात महिन्यांचा मुलगा. कपाळावर काजळाची तीट, एका बाजूला फिसकटलेली. त्याने आईकडे पाहिलं आणि भुवया आवळल्या. माझ्या तोंडात बारा आला होता. ती एक फ्रेम पुढे गेली, आणखी एक, आणखी एक. मी मनात मोजत होते, नऊ, दहा. मुलगा अजून बघतच होता. तिनेही अजून काही लिहिलं नव्हतं.