चिखलदऱ्यातला ढोल

चिखलदऱ्याला निघालेल्या माणसाला आमच्या अमरावतीत ठरलेले प्रश्न विचारतात. थंडी किती आहे, वाघ दिसला का आणि येताना रबडी आणणार का. तिथलं गाणं ऐकून या, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. वास्तविक हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, पर्यटकांच्या गर्दीत, तिथल्या काही हॉटेलांच्या आवारात संध्याकाळी कोरकूंचा नाच होतो. शेकोटी पेटते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, ढोल वाजतो आणि मग जेवणाची वर्दी येते. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा असतो. त्याविषयी थोडं लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

कोरकूंचा नाच मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र हॉटेलात नव्हे. १९७७ साली ह्यांची बदली धारणीला झाली आणि मलाही तिथल्या शाळेत नोकरी मिळाली. परतवाड्याहून धारणीपर्यंतचा रस्ता तेव्हा माणसाचा पित्त काढणारा होता. शाळेचं पुस्तक मराठी आणि मुलांच्या घरची बोली कोरकू. मुलं धडा घडाघडा वाचायची आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे पाहायची. कोरकू ही मराठी-हिंदीची बहीण नाहीच मुळी. ती मुंडा कुळातली भाषा, म्हणजे तिचे नातेवाईक संथाळी, मुंडारी, हो. ते सगळे पार झारखंड-ओडिशाकडे, आणि ही एकटी पश्चिमेला सातपुड्यात. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं'. २०११च्या जनगणनेत ही भाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते. त्यातले बरेचसे मध्य प्रदेशात आणि बाकीचे बहुतेक आमच्या मेळघाटात.

होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मजुरीला कुठेकुठे गेलेली माणसं होळीला गावी परततात. नंतरचे काही दिवस फगवा मागणं, मेघनाथाची जत्रा. धारणीत आमची पहिली होळी आली तेव्हा वर्गातल्या दोन मुली मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. रात्रीची वेळ, चांदणं. बायांची एक ओळ, एकमेकींच्या कमरेला हात. समोर पुरुष, गळ्यात ढोल आणि ढोलकी, एकाकडे बासरी. बाया एक ओळ म्हणायच्या, किंचित वाकून दोन पावलं पुढे यायच्या, पुन्हा तीच ओळ म्हणत मागे जायच्या. घाई अजिबात नाही. आपल्याकडे गाण्याला धृपद असतं, अंतरा असतो, ते कुठेतरी पोचतं. हे कुठे पोचायला निघालेलंच नव्हतं, नुसतं चाललं होतं. मी बाजूला एका बाजेवर बसून पाहू लागले तर एक म्हातारी आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "बाई, बसाचं असन तं घरीच बसा ना." आणि मला ओळीत उभं केलं. वर्गात गप्प बसणारी ती मुलं त्या रात्री माझी पावलं चुकली की हसत होती आणि पुन्हा पुन्हा दाखवत होती.

तिथे पाहणारा असा कुणी नव्हताच. आजारी, तान्ही पोरं आणि कुत्री सोडली तर सगळे नाचत होते. या नाचाला ते 'गादली सुसून' म्हणतात. 'सुसून' म्हणजे नाच. पुढे कधीतरी वाचताना कळलं की तिकडे रांचीच्या बाजूला मुंडारीतही नाचाला 'सुसुन'च म्हणतात आणि त्यांच्यात एक म्हणही आहे, की चालणं हाच नाच आणि बोलणं हेच गाणं. मला त्या म्हातारीची आठवण झाली.

आता एकदम अमेरिकेत जाते, त्याला कारण आहे. २०१४ साली लेकीकडे व्हर्जिनियात गेले होते. शनिवार-रविवार जोडून तिने आम्हांला शेनान्डोआ नॅशनल पार्कात नेलं. ब्लू रिज नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावरून १०५ मैलांचा रस्ता जातो आणि वाटेत स्कायलँड नावाचं जुनं लॉज आहे. उंची ३६८० फूट. माझा भूगोल जागा झाला, कारण आपलं चिखलदरा १११८ मीटर, म्हणजे फुटांत जवळजवळ तितकंच! तीच थंडी, तेच धुकं, दरीच्या कडेला तेच कठडे. कॉफीचे मळे तेवढे आपल्याकडे जास्त.

रात्री जेवणघराच्या शेजारच्या खोलीत गाणं होतं. चार माणसं, एकाकडे फिडल (आपलं व्हायोलिनच, पण वाजवायची तऱ्हा वेगळी), एकाकडे बँजो, एक गिटार आणि एक माणसाएवढा उभा बास. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. केंटकीच्या बिल मन्रो नावाच्या गवयाने १९४०च्या दशकात ते घडवलं आणि त्याच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या वाद्यवृंदावरून हे नाव पडलं. फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या गरीब वसाहतवाल्यांच्या आणि बँजो मूळचा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा. दोघांचंही सुख-दुःख त्या डोंगरात एकत्र झालं. लय इतकी जलद की माझा पाय आपोआप हलू लागला, आणि आवाज मात्र उंच, कोरडा. नाकात गायल्यासारखा. मला तो आवाज प्रथम आवडला नाही. अर्ध्या तासाने आवडला.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. गिटारवाला प्रत्येक गाण्याआधी बोलायचा. लेक हळूच मराठीत सांगत होती. हे गाणं आजीकडून आलं, ती याच डोंगराच्या पायथ्याशी जन्मली. हे खाणीतल्या मामाचं. आणि मग तो म्हणाला की त्याच्या आजोबांचं घर आता पार्कात आहे, म्हणजे होतं. खोली शांत झाली. मला वाटलं लेकीने चुकीचं भाषांतर केलं. दुसऱ्या दिवशी तिथल्याच माहिती केंद्रात पाहिलं तर खरंच होतं. १९३५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना खाली आणलं गेलं. काही म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. त्यांतल्या शेवटच्या ॲनी शेंक नावाच्या बाई १९७९ साली वारल्या. पार्काच्या झाडीत त्या कुटुंबांची दफनभूमी अजून जागोजागी आहे आणि नातेवाईक तिथे जातात.

म्हणजे ज्यांना डोंगरावरून उठवलं, त्यांचाच नातू त्याच डोंगरावर पाहुण्यांपुढे गात होता. हे ऐकून मी मेळघाटाशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करणार?

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४चा, देशातल्या पहिल्या नऊंतला. आत गावं होती. २००० नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं पहिल्यांदा उठली आणि सातपुडा उतरून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या मैदानात वसली. पुढे आणखी गावं आली. २००८पासून कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, २०२१मध्ये ते १५ लाख झाले. माझी बहीण अकोटला असते, त्यामुळे या वस्त्या मी येता-जाता पाहिल्या आहेत. नुसतं वाईटच झालं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. दवाखाना जवळ आला, रस्ता आला, मुलींच्या शाळा सुटल्या नाहीत. वाघालाही कुठेतरी राहायचं आहेच. पण डोंगरातल्या माणसाला कपाशी-हरभऱ्याच्या काळ्या रानात आणून बसवलं की सगळं हिशेबात मावत नाही. जानेवारी २०१९मध्ये पुनर्वसित गावांतले बरेच लोक पुन्हा जंगलात गेले, वनखात्याशी संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली. पेपरात दोन दिवस आलं. मग दुसऱ्या बातम्या आल्या.

२०२३च्या डिसेंबरात आम्ही काही निवृत्त शिक्षिका चिखलदऱ्याला गेलो होतो. हॉटेलाचं नाव सांगत नाही. संध्याकाळी आवारात नाच ठेवला होता. निवेदक तरुण, हातात माईक. "आता आपल्यासाठी खास आदिवासी नृत्य! जोरदार टाळ्या!" बस्स, एवढंच. कुठले, कोण, कोणतं गाणं, काही नाही. बायांना एका रंगाची लुगडी दिलेली, पुरुषांच्या फेट्यांत मोरपिसं. मोरपिसं मी धारणीच्या त्या होळीत पाहिल्याचं आठवत नाही, पण फोटोत छान दिसतात हे कबूल. अठरा मिनिटं नाच झाला. मी घड्याळ लावलं होतं, मास्तरकीची सवय. मधेच मागून कुणीतरी सिनेमातलं गाणं वाजवा म्हणून ओरडलं. निवेदकाने हसून "नंतर, नंतर" म्हटलं आणि नंतर डीजेवर ते खरंच वाजवलं.

आमच्यातली एक जण चिडून म्हणाली, "काय हे, संस्कृतीचा बाजार!" मला ते पटलं नाही. पैसे घेऊन गाणं काही पाप नाही. आपले कीर्तनकार बिदागी घेतात, भीमसेन जोशी काय फुकट गायचे? त्या व्हर्जिनियातल्या गिटारवाल्यालाही पैसे मिळतच होते, शिवाय समोर नोटा टाकायला काचेची बरणी होती. फरक एवढाच की तिथे माईक गाणाऱ्याच्या हातात होता. हे गाणं कुणाचं, हे तो स्वतः सांगत होता, आणि पाहुण्यांनी दारूचे पेले खाली ठेवून ते ऐकून घेतलं होतं. मी व्यवस्थापकाकडे गेले आणि म्हटलं, उद्या दोन मिनिटं त्यांच्यातल्या कुणालातरी बोलू द्या. भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, लोक कंटाळतात. जेवण थंड होते."

मग मीच ढोलवाल्याजवळ जाऊन बसले. पन्नाशीचा असेल. माझं मोडकंतोडकं कोरकू ऐकून आधी हसला, मग वऱ्हाडीत बोलायला लागला. बायकोचं माहेर चिखलद‌ऱ्याजवळ, ती मंडळी या चमूत आहेत. हा मात्र खालचा, अकोटकडचा. त्याचं गाव उठून दहा-बारा वर्षं झाली होती. हंगामात दोन महिने वर येतो आणि मेव्हण्यासोबत ढोल वाजवतो. "लोक इचारतात, तुमी जंगलातच राह्यता का? मी हो म्हनतो. काय सांगाचं त्याहिले?" अकरा जणांत चार हजार मिळाले होते त्या रात्री. त्याची तक्रार नव्हती.

मी विचारलं, खाली होळीला नाचता का?

"नाचतो नं बाई. होळी कुटीबी पेटते." थोडा थांबला. "मुंड्याचं अवघड हाय."

मुंडा म्हणजे कोरकूंमध्ये मेलेल्या माणसासाठी कोरून उभी केलेली सागाची फळी. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार, अशी कोरलेली. मेलेल्याला पितरांत मिळवायचा विधी असतो, तेव्हा ती पूर्वजांच्या फळ्यांशेजारी झाडाखाली लावतात. याचा बाप खाली, नव्या गावात गेला. पण आजा, पणजा सगळे जुन्या गावच्या झाडाखाली, आणि ती जागा आता प्रकल्पाच्या आत. तिथे जायचं तर परवानगी लागते. काही जण म्हणतात नव्या गावातच नवं झाड धरा. म्हातारे म्हणतात, एकटाच बाप तिथे काय करेल?

फळी मात्र त्याने घेऊन ठेवली होती. ज्यांच्या अंगणात साग उगवायचा, त्याने सागाची फळी परतवाड्यात विकत घेतली आणि पावती सांभाळून खिशात ठेवली. घडी घातलेला तो कागद त्याने मला काढून दाखवला. वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला हवी ना, म्हणाला.

त्या विधीच्या रात्रीची गाणी वेगळी असतात, एवढं मला धारणीपासून माहीत होतं. मी विचारलं, "इथे कधी म्हणता का ती?"

त्याने ढोलाची दोरी सैल करता करता माझ्याकडे पाहिलं. "इथं कशी म्हनू बाई? त्याले घरचा मेलेला मानूस लागते."

आतून जेवायची हाक आली. मैत्रिणी केव्हाच ताटं घेऊन बसल्या होत्या. उठताना त्याने मला विचारलं, परतवाड्याहून अकोटच्या एसटीत साडेपाच फुटांची फळी घेतील का. मी म्हटलं कंडक्टर चांगला असला तर घेईल, लगेजचं तिकीट मात्र पडेल.

"पडू द्या," तो म्हणाला.